पाठीला माती लागते तेव्हा

तालमीत नवा मुलगा आला म्हणजे पहिले आठ दिवस तो मोठ्या उत्साहात असतो. जोर-बैठका काढतो, हौद्यातील माती उकरतो, घरी जाऊन आरशासमोर दंड न्याहाळतो. खरी परीक्षा सुरू होते ती वस्ताद त्याला प्रथम जोडीला उभे करतात त्या दिवशी. सलामी होते, हाताला हात लागतो आणि काय झाले हे कळायच्या आत तो आढ्याकडे पाहत पडलेला असतो. उठतो, पुन्हा पडतो. असे महिना-दोन महिने चालले की पहाटेची जाग उशिरा येऊ लागते, गुडघा दुखू लागतो, आणि एके दिवशी लंगोट खुंटीवरच राहतो. हे मी खात्रीने सांगतो, कारण माझाही लंगोट एकदा तीन महिने असाच खुंटीला लोंबत होता. गुडघ्याला मात्र काहीएक झालेले नव्हते.

असा मुलगा भित्रा असतो काय? मला तसे वाटत नाही. भित्रा असता तर तो हौद्यात उतरलाच नसता. त्याला पडण्याचे दुःख नसते. आपण काही शिकतच नाही, या समजुतीचे दुःख असते. आणि ही समजूत बहुधा चुकीची असते. ती का होते, याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे की डोळा आधी शिकतो आणि अंग मागून शिकते. पट काढताना वाकावे कसे, डोके कोठे ठेवावे, हे मुलाला पंधरा दिवसांत समजते. परंतु समोरचा गडी हलता असतो; त्याचा तोल ज्या क्षणी सुटतो तो क्षण ओळखून अंगाने आपोआप शिरणे, याला महिने लागतात. मधल्या काळात आपली प्रत्येक चूक आपल्याला दिसते, आणि दुरुस्त मात्र करता येत नाही. ही स्थिती फार जाचक खरी. पण चूक दिसू लागणे हीच प्रगतीची पहिली खूण नव्हे काय?

दुसरे कारण मापाचे. आपण स्वतःला जोडीदाराने मोजतो, आणि जोडीदारही रोज मेहनत करीत असतो. आगगाडीत बसून शेजारून त्याच वेगाने जाणाऱ्या गाडीकडे पाहिले तर आपण जागीच उभे आहोत असे वाटते, तसा हा प्रकार आहे.

तिसरे कारण शरीराचे. नवखा गडी सर्वांग आवळून लढतो आणि नकळत श्वास कोंडतो. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातून रक्त नीट खेळत नाही, आणि तो लवकर थकतो. मग मुलगा म्हणतो, ‘माझ्यात ताकदच नाही.’ ताकद असते. ती उधळली जाते.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे. अंगाने लहानखुरे कानो १८७७ मध्ये टोकियोत जुजुत्सू शिकू लागले. एकदा त्यांनी एका डावाचे मर्म विचारले, तेव्हा गुरूंनी तोंडी उत्तर न देता त्यांना जवळ बोलावून आपटले. पुन्हा विचारले, पुन्हा आपटले. त्याच तालमीत एक अंगापिंडाने भारी सोबती होता. तो कानोंना काही केल्या हलेना. कानो रुसले नाहीत. त्यांनी सुमो कुस्तीतले डाव तपासून पाहिले. तेही चालेनात, तेव्हा ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली. त्यांत आपल्याकडील कलाजंगाच्या जातीचा, गड्याला खांद्यांवर घेऊन टाकण्याचा एक डाव मिळाला. मित्रांवर त्याचा सराव करून अखेर त्यांनी त्या भारी गड्याला उचलून टाकले. पुढे १८८२ मध्ये त्यांनी कोदोकान ही संस्था स्थापन केली आणि हा डाव काता-गुरुमा या नावाने ज्युदोत रुजला. ‘मी का हरतो?’ या रडगाण्याचे त्यांनी ‘मी नेमका कशाने हरतो?’ या प्रश्नात रूपांतर केले, एवढेच त्यातले रहस्य.

आता उपायांकडे वळू. ज्युदोत आरंभीच पडायला शिकवितात: हनुवटी छातीशी, डोके उचललेले, हाताचा पसरट आघात जमिनीवर. पडण्याचे भय गेले की अंगाचा ताठरपणा निम्मा जातो. आपल्या नवख्यांनीही हे आधी शिकावे. दुसरे, रोजच्या लढतीला जिंकण्याखेरीज एखादे लहान उद्दिष्ट असावे. ‘आज श्वास कोंडणार नाही’, ‘आज फक्त मनगट सोडवीन’, एवढे पुरे. ते साधले तर पाठीला माती लागूनही दिवस कमाईचा ठरतो. तिसरे, जोडीदार तीन प्रकारचे हवेत: वरचढ, बरोबरीचा आणि आपल्याहून नवा. वरचढापाशी आपले दोष कळतात, बरोबरीच्यापाशी कस लागतो, आणि नव्याशी सांभाळून लढताना आपण किती पुढे आलो ते समजते. चौथे, पाडणाऱ्यालाच एक प्रश्न विचारावा: ‘मी कोठे सापडलो?’ बहुतेक गडी हे आनंदाने सांगतात.

आणि राग आला तर? राग येणारच. अशा वेळी हौद्याबाहेर येऊन चार संथ श्वास घ्यावेत. रागाने धरलेल्या पकडीत दुसऱ्याचा हात मोडतो किंवा आपला खांदा उखडतो. दमणे निराळे आणि सांध्यातली कळ निराळी. कळ आली तर त्या दिवशी थांबून वस्तादांना सांगावे. यात कमीपणा नाही.

वस्तादांनाही एक विनंती. जोड लावणे ही मोठी विद्या आहे. पोराला रोज पहाडाखाली चिरडले तर ते कणखर होत नाही, पळून जाते. आणि जेथे पडलेल्याची टवाळी होते ती जागा मुलाने खुशाल सोडावी. विद्या सोडू नये.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीची कुस्ती आणि तिचे नियम त्यांना नवखे होते. तेथे ते सहावे आले. सहावा क्रमांक घेऊन घरी बसायला सबब पुरेशी होती. त्यांनी ती वापरली नाही. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

प्रत्येकाला पदक मिळणार नाही, मिळण्याची गरजही नाही. आज मुलीही मोठ्या संख्येने आखाड्यात उतरत आहेत, त्यांतल्या बहुतेकींचे नाव कधी छापून येणार नाही. परंतु पडल्यावर अंगाची माती झटकून, ज्याने पाडले त्याच्याशीच हात मिळवून पुन्हा उभे राहण्याची सवय ज्याला लागली, त्याला ती कचेरीत, संसारात, परीक्षेत सगळीकडे उपयोगी पडते. आपल्या घरात खुंटीला असा एखादा लंगोट टांगलेला असेल, तर उद्या पहाटे तो काढून मुलाच्या हाती द्या, आणि ‘जिंकलास का?’ असे न विचारता ‘आज काय कळले?’ एवढेच विचारा.