रायगडाखालचे भुयार

महाडच्या एस.टी.त एका सहप्रवाशाने रायगडाखालून थेट प्रतापगडापर्यंत भुयार असल्याचे छातीठोकपणे सांगितले. परंतु सह्याद्रीचा कठीण काळा पाषाण आणि वाटेत आडवे येणारे सावित्रीचे पात्र ध्यानी घेता ही वार्ता मला सर्वथा अग्राह्य वाटते.

गडावर पुष्कळ जण ज्यास भुयार समजतात, तो पायऱ्या उतरून जाण्याचा खलबतखाना, म्हणजे मसलतीचे तळघर.

खरी चोरवाट उघड्या कड्यावर आहे! किल्ल्यास एकच दरवाजा असणे हा मोठा ऐब, सबब चोरदिंड्याही राखाव्यात, असे मराठेशाहीतील राजनीतिग्रंथ ‘आज्ञापत्र’ बजावते. त्याच धोरणाचा वाघ दरवाजा, जेथून मोगल सरदार झुल्फिकारखानाच्या वेढ्यात १६८९ साली राजाराम महाराज निसटले.

ती उतरण दोरावाचून दुष्कर आहे. जाणकाराविना जाऊ नये.