नवी व्हर्ना : कळवणच्या व्यापाऱ्याला परवडेल काय?

ह्युंदाईने मार्च २०२३ मध्ये व्हर्ना मोटार नव्या बांधणीने बाजारात आणली. रूप पालटले म्हणजे पैसे वसूल झाले असे नव्हे, म्हणून आम्ही आधी मापे पाहतो. लांबी ४,४४० वरून ४,५३५ मिलिमीटर झाली, पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर ७० मिलिमीटरने वाढले. त्यामुळे मागे बसणाऱ्यांचे गुडघे मोकळे राहतात. डिकी ५२८ लिटरची. लग्नाच्या बॅगा मावतील, कांद्याच्या गोण्यांना मात्र पिकअपच हवी! त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत गाडीला पाच तारे मिळाले.

खरी अडचण इंधनाची. या बदलात डिझेल इंजिन गेले. साध्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाचा, हाती गिअरच्या गाडीचा, कंपनीचा आकडा लिटरला १८.६ किलोमीटर, हिशेबाला १५ धरा. आठवड्यातून तीनदा नाशिकला जाऊन येणाऱ्याचे महिन्याला २,००० किलोमीटर सहज होतात, म्हणजे सुमारे १३३ लिटर पेट्रोल. व्यापारी बांधवांनी हे वहीत मांडून मगच बयाणा द्यावा. सणावाराला, दवाखान्याला गाडी काढणाऱ्या घराला हेच साधे इंजिन पुरे. १६० अश्वशक्तीचे टर्बो नांदुरीच्या घाटात कशाला हवे?