एसएमपीएस जळाल्यानंतर : खांबापासून हार्ड डिस्कपर्यंतचा तपास

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात, चिखली-खामगाव रस्त्यावर वसलेल्या उंद्रीसारख्या गावात टेबलावरचा संगणक ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. राज्य शासनाने २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पातून ग्रामपंचायतींच्या कारभाराचे संगणकीकरण हाती घेतले, पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ आली, आणि दाखले, सातबाऱ्याचे उतारे, पीक विम्याचे अर्ज अशी एके काळी तालुक्याला हेलपाटे घालायला लावणारी कामे गावातल्या गावात होऊ लागली. खरिपाच्या विम्याची मुदत जुलैअखेर संपत असताना असा संगणक बंद पडला, तर खोळंबा होतो तो दारात कागदपत्रे घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यांचा. बंद पडण्याच्या कारणांत वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, नेहमीच पुढे असतो. तो जळाला की नवा आणून बसवायचा आणि यंत्र चालू झाले की काम संपले असे समजायचे, ही सर्वत्र रुळलेली पद्धत घातक आहे. कारण डबा जळणे हा बहुधा बाहेरच्या बिघाडाचा परिणाम असतो, आणि मूळ कारण न शोधता जोडलेला नवा डबा हार्ड डिस्कवरील सारी माहिती धोक्यात घालतो.

एसएमपीएसचे काम समजून घेतले की त्याच्या बिघाडाची लक्षणेही वाचता येतात. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करणारा एसी प्रवाह येतो. संगणकाच्या भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश, म्हणजे डीसी प्रवाह लागतो. डब्यात शिरलेली वीज प्रथम फ्यूज आणि व्हॅरिस्टर यांच्यातून जाते. व्हॅरिस्टर हा दाब मर्यादेबाहेर वाढताच स्वतः वाहक होऊन फ्यूज उडवणारा रक्षक भाग असून तो दिसायला चपट्या गोळीसारखा असतो. त्यानंतर डायोडचा ब्रिज एसीचे डीसीत रूपांतर करतो आणि मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. हा साठलेला दाब एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा जोडतो आणि तोडतो, आणि त्या वेगामुळेच किलोभर लोखंडाच्या ट्रान्सफॉर्मरऐवजी मुठीत मावणारा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे प्रमाण ठरवून दिल्यामुळे डब्याचे आकारमान, तारांचे रंग आणि जोडण्या बहुतेक संगणकांत सारख्या असतात. काही नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत मात्र मदरबोर्डची जोडणी वेगळी असते, म्हणून चिखलीहून किंवा खामगावहून नवा डबा आणण्याआधी जुन्याची जोडणी, निदान तिचे छायाचित्र, सोबत नेणे शहाणपणाचे ठरते.

गावात डबे का जळतात, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा रस्त्यावरच्या डीपीपाशी सापडते. तेथील ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टपर्यंत उतरवतो आणि तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा गावात सोडतो. घराला मिळणारे २३० व्होल्ट हे एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले असतात. वादळात, झाडाची फांदी पडून किंवा नुसता सैल झालेला जोड कार्बन धरून न्यूट्रल तुटली, तर वेगवेगळ्या फेजवरची घरे त्या तुटक्या न्यूट्रलमधूनच एकमेकांशी एकसरीत जोडली जातात आणि दोन फेजमधला ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब त्यांच्यात वाटला जातो. ही वाटणी समान नसते: ज्या फेजवर पिठाची गिरणी, कूलर असा जड भार असेल तिच्या वाट्याला कमी दाब येतो आणि जिच्यावर दोन दिवे व एक संगणक एवढेच असेल तिच्यावर उरलेला सगळा दाब कोसळतो. समजा, तेथे ३०० व्होल्ट आले. एसी प्रवाहाचे शिखर त्याच्या १.४१४ पट असते, म्हणजे ४२४ व्होल्ट. आणि साध्या डब्यांतील दोन मुख्य कपॅसिटर मिळून जेमतेम ४०० व्होल्ट सोसणारे असतात. डबा का फुटला, हे कळायला एवढा हिशेब पुरेसा आहे. म्हणूनच त्याच वेळी शेजारच्या घरांतले दिवे लखलखीत झाले होते का, कुणाचा पंखा, टीव्ही किंवा चार्जर गेला का, ही चौकशी तपासाचा पहिला आणि बिनखर्चाचा भाग आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर वायरमनने न्यूट्रलचा जोड पक्का करेपर्यंत नवा डबा लावणे म्हणजे तोही जाळणे होय.

दुसरे कारण संथ असते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधील द्रावण उष्णतेने हळूहळू उडून जाते, आणि तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. वैशाखात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या भागात, पंख्याच्या पात्यांवर मातीची पुटे चढलेला डबा झटका न बसताही मरतो. अशा वेळी कपॅसिटरचे सपाट माथे फुगलेले दिसतात किंवा त्यांच्या बुडाशी तपकिरी चिकटा जमतो. सोबत वाढत जाणारी लक्षणेही असतात: पहिल्या दाबाला सुरू न होणारा संगणक तिसऱ्या दाबाला सुरू होतो, जड काम देताच आपोआप रीस्टार्ट होतो, आणि एके दिवशी पूर्ण गप्प होतो. मुख्य कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ जीवघेणा दाब धरून ठेवू शकतो, त्यामुळे डब्याचे आवरण उघडणे हे नवख्याचे काम नव्हे.

सॉकेट, वायर, यूपीएस आणि डब्यामागचा स्विच तपासून झाल्यावर मल्टिमीटर हाती घ्यावा. संगणक बंद पण प्लग चालू असताना मदरबोर्डकडे जाणाऱ्या २४ पिनांच्या जोडणीतील जांभळ्या तारेवर, काळ्या तारेच्या तुलनेत, ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ही स्टँडबायची वीज पॉवर बटण ओळखण्यासाठी सतत जागी असते; ती नसेल तर दोष डब्यात किंवा त्याच्या आधी आहे. ती असेल, तर प्लग काढून डबा संगणकापासून सर्वस्वी सोडवावा, हिरवी तार काळ्या तारेला जोडावी आणि मग वीज द्यावी. पंखा फिरला म्हणजे डबा चालू होतो एवढेच सिद्ध होते, तो निर्दोष आहे हे नव्हे. भार नसताना ठीक दिसणारा दाब भार येताच ढासळू शकतो, म्हणून खरी मोजणी संगणक चालू असताना करावी: पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. राखाडी तार ‘वीज योग्य आहे’ असा संकेत ५ व्होल्टच्या रूपात मदरबोर्डला देते. हा संकेत न आल्यास मदरबोर्ड प्रोसेसरला काम सुरू करू देत नाही.

नवा डबा बसवण्याआधी अर्थिंगकडे पाहणे भाग आहे, कारण वऱ्हाडातल्या काळ्या मातीचा स्वभाव येथे निर्णायक ठरतो. ओली असताना ही माती वीज उत्तम वाहते. उन्हाळ्यात ती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग एप्रिलपर्यंत नावापुरते उरते. कोळसा व मीठ घातलेल्या खड्ड्यात पाणी ओतत राहण्याची जुनी रीत यासाठीच आहे. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात जवळजवळ २३० व्होल्ट, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त नाही, असे मोजमाप मिळाले तर पुढे जावे. अर्थ नसलेल्या संगणकाच्या कॅबिनेटला हात लावल्यावर येणारी झिणझिण डब्याच्या गाळणीतले कपॅसिटर निर्माण करतात. तिच्याकडे काणाडोळा करण्याची सवय सेवा केंद्रांतून जायला हवी, कारण तेथे दिवसभर माणसाचा हात यंत्राला लागत असतो.

नवा डबा जोडताना सगळे भाग एकदम जोडू नयेत, हार्ड डिस्क तर मुळीच नको. मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी एवढ्यावर सुरुवात करावी. पडद्यावर बायोसची अक्षरे उमटली तर मदरबोर्ड वाचला. काहीच न उमटल्यास रॅम काढून तिचे सोनेरी दात मऊ खोडरबराने पुसून दुसऱ्या खाचेत बसवावी. झटक्यानंतर बायोसची साठवलेली मांडणी बिघडलेली असू शकते. प्लग काढून नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवल्यास बहुतेक मदरबोर्डांवर ती मांडणी मूळ पदावर येते. ही ३ व्होल्टची बॅटरी उतरली असेल, तर तारीख पुन्हा पुन्हा मागे जाते आणि चुकलेल्या तारखेमुळे शासकीय संकेतस्थळे सुरक्षेचा इशारा देऊन उघडत नाहीत. डिजिटल सहीची कामे अडतात. एखाद्या मोठ्या, खर्चिक दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी एवढी स्वस्त बॅटरी बदलून पाहावी.

शेवटी हार्ड डिस्क, आणि सर्वांत जास्त संयम तेथेच लागतो. डिस्कच्या हिरव्या सर्किटवर वीजजोडणीलगत टीव्हीएस जातीचे दोन डायोड असतात, एक ५ आणि एक १२ व्होल्टच्या वाटेवर. दाब वाढताच ते स्वतः शॉर्ट होतात आणि मागचे सर्किट वाचवतात. अशी डिस्क जोडल्याबरोबर नवा डबाही शॉर्ट ओळखून बंद पडतो, पंखा एकदा हलून थांबतो, आणि ‘नवा डबाही खराब निघाला’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. डिस्क काढताच संगणक चालत असेल, तर डायोडच बहुधा गेला आहे; जाणकार तो मल्टिमीटरने तपासून काढतो आणि माहिती उतरवून घेण्यापुरती डिस्क चालवतो, पण त्या वेळी तिला कोणतेही संरक्षण उरलेले नसल्याने डबा खात्रीचाच हवा. दुसऱ्या डिस्कचे तेच सर्किट आणून बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आधुनिक डिस्कच्या सर्किटवरील एका चिपमध्ये त्याच डिस्कच्या डोक्यांची आणि तबकड्यांची जुळणी नोंदलेली असते आणि ती चिप सोबत न हलवल्यास नवे सर्किट डिस्कला वाचू शकत नाही.

डिस्क फिरली, विंडोजही उघडली, तरी पहिले काम दुरुस्तीचे नसून प्रत काढण्याचे असते. मध्येच वीज गेल्याने फाइल-यंत्रणेतील नोंदी अर्धवट राहिलेल्या असतात. अशा वेळी चेकडिस्क ही आज्ञा त्या जुळवताना तुटक नोंदी कापून टाकू शकते आणि दुखावलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवते. म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदवह्या, अर्जांच्या पावत्या, स्कॅन केलेले दाखले हे सर्व आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवावे, त्यांतल्या काही फाइली उघडून पाहाव्यात, आणि मगच चेकडिस्क चालवावी.