विश्लेषण : ‘घरात कुणाला सांगू नका’ म्हणणारा पोलीस खरा का नसतो?

‘तुमच्या आधार कार्डावर सिम घेऊन काळ्या पैशाचे व्यवहार झाले आहेत. कॅमेऱ्यासमोरून हलू नका. घरात कुणाला सांगू नका.’ डिजिटल अटकेच्या नावाने येणाऱ्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये या अर्थाची वाक्ये असतात. त्यातले शेवटचे वाक्य सर्वात घातक आहे आणि भामट्याला ओळखण्याची सर्वात सोपी खूणही तेच आहे. कारण अटक झाल्यास कुटुंबाला कळवणे पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे.

या गुन्ह्याची व्याप्ती किती?

केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, डिजिटल अटक आणि त्या प्रकारच्या फसवणुकीच्या २०२२ मध्ये ३९,९२५ तक्रारी आल्या होत्या आणि त्यात ९१.१४ कोटी रुपये गेले होते. २०२४ मध्ये तक्रारींची संख्या १,२३,६७२ वर आणि रक्कम १,९३५.५१ कोटींवर गेली. म्हणजे तक्रारी तिप्पट झाल्या, तर रक्कम वीस पटींहून अधिक वाढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दाम्पत्याच्या तक्रारीनंतर सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली. डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे सोपवण्यात आला.

फसवणूक कशी होते?

पहिला फोन बहुधा दूरसंचार विभाग, कुरिअर कंपनी किंवा बँकेच्या नावाने येतो. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल’ किंवा ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असे सांगून तो ‘पोलिसां’कडे जोडला जातो. मग व्हिडीओ कॉल सुरू होतो. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली. व्हॉट्सॲपवर शिक्क्यासह अटक वॉरंट येते. शेवटी ‘पैसे वैध आहेत का ते तपासून परत करू’ असे सांगून मुदत ठेवी मोडायला लावतात आणि रक्कम ‘सरकारी’ खात्यात भरायला लावतात. प्रत्यक्षात ती भाडोत्री खात्यांमध्ये जाते आणि काही मिनिटांत पुढे पांगते.

शिकलेली, व्यवहार कळणारी माणसेही यात अडकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी उभी करून सात कोटी रुपये उकळण्यात आले. लुधियाना पोलिसांनी त्यातील सुमारे सव्वापाच कोटी परत मिळवले.

कायदा काय सांगतो?

‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील काही तरतुदी घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हव्यात.

- कलम ३६ : अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी. अटकेचा पंचनामा करून त्यावर घरातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित नागरिकाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते.
- कलम ४३ : अटक प्रत्यक्षच होते. शब्दाने किंवा कृतीने स्वाधीन न झालेल्या माणसाला समोर येऊन ताब्यात घ्यावे लागते.
- कलम ४८ : अटकेची माहिती नातेवाईक, मित्र किंवा अटक झालेल्याने सुचवलेल्या व्यक्तीला देणे पोलिसांचे कर्तव्य आहे.
- कलम ५८ : प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते.
- कलम १७९ : साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर ६० वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही महिलेला राहत्या जागेव्यतिरिक्त इतरत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही.

शिवाय, हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. एखादे प्रकरण खरेच असेल अशी शंका वाटली, तरी फोन ठेवून, घरातल्या कुणाला सोबत घेऊन, जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करता येते.

मग माणसे गप्प का राहतात?

भीतीपेक्षाही बदनामीची धास्ती मोठी असते. ‘मुलांना कळले तर काय म्हणतील’, ‘सोसायटीत तोंड कसे दाखवायचे’ हे प्रश्न भामट्यांना नेमके ठाऊक असतात. एकटे राहणारे ज्येष्ठ, मुले परदेशात असलेले आई-वडील आणि दिवसभर घरात एकटी असणारी व्यक्ती यांना गाठणे म्हणूनच सोपे जाते.

२०२५ मध्ये उघड झालेल्या दक्षिण मुंबईतील एका प्रकरणात वृद्ध महिलेचे वीस कोटींहून अधिक रुपये गेले. हा प्रकार काही महिने चालला होता. त्या फक्त जेवणापुरत्या खोलीबाहेर येतात, हे घरकाम करणाऱ्या महिलेच्या लक्षात आले आणि तिने ते त्यांच्या मुलीला सांगितले.

कुटुंबाने आधी काय ठरवावे?

- आई-वडिलांशी आजच बोला. एक वाक्य पुरेसे आहे : ‘कुणी घरी सांगू नका म्हणाले, तर पहिला फोन मला करा. मी रागावणार नाही.’ यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा.
- मुदत ठेव मोडण्यापूर्वी किंवा ठरावीक रकमेपेक्षा मोठा व्यवहार करण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या एका व्यक्तीला सांगायचेच, असा नियम करा.
- मोठ्या बचतीच्या खात्यासाठी दोघांच्या सहीचा पर्याय बँकेत विचारा. नेट बँकिंग आणि यूपीआयची दैनंदिन मर्यादा गरजेइतकीच ठेवा.
- ‘तुमच्या मुलाला अटक झाली’ असा फोन आला, तर तो ठेवून थेट मुलाला फोन करायचा. तो उचलत नसेल तर त्याच्या मित्राला किंवा कार्यालयात फोन करायचा. त्यासाठीचे नंबर कागदावर लिहून ठेवा.
- बंद खोलीत तासन्‌तास चाललेला कॉल, कुजबुज, जेवण टाळणे, अचानक बँकेत जाण्याची घाई अशी लक्षणे दिसली तर खोलीत जा. कॅमेऱ्यासमोर दुसरे माणूस आले की भामट्याची पकड सैल होते.

पैसे गेले असतील तर?

लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढे सरकण्याआधी ती खाती गोठवता येतात, त्यामुळे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. चॅट, कॉलची नोंद, ‘वॉरंट’ काहीही पुसू नका, तो पुरावा आहे. फोनमध्ये एखादे ॲप घ्यायला लावले असेल, तर इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला. पैसे गेले नसले तरी असा संशयास्पद फोन ‘संचार साथी’ पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत कळवता येतो.

सगळे पैसे परत मिळतीलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही. पण ‘एवढे कळले नाही का’ असे विचारणाऱ्या घरात पुढची तक्रार उशिरा होते. तो प्रश्न गिळून आधी १९३० लावावा.