वेणी कापणारी चेटकीण

सन २०१७ च्या पावसाळ्यात राजस्थानातून निघालेली, निद्रिस्त स्त्रियांच्या वेण्या कापणाऱ्या अदृश्य चेटकिणीची वार्ता मेवात व गुरुग्राम पादाक्रांत करून दिल्लीत नजफगढनजीकच्या कांगनहेडी गावी पोहोचली, आणि तेथील तीन स्त्रियांच्या फिर्यादी पोलिसांच्या दप्तरी दाखल होताच दारोदार कडुनिंबाचे डहाळे व लिंबू-मिरच्या लटकल्या, भिंतींवर मेंदीचे आणि हळदीचे पंजे उमटले. मानसोपचारतज्ज्ञांनी यास सामूहिक उन्माद म्हटले, ते आम्हांस ग्राह्य वाटते. परंतु आग्रा जिल्ह्यातील मुटनई गावी, पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडलेल्या एका वृद्ध दलित स्त्रीस हीच ती चेटकीण समजून लोकांनी २ ऑगस्ट रोजी मारहाण करून ठार केले. वार्तेच्या उगमस्थानी, राजस्थानात, चेटकीण ठरवून छळण्याविरुद्धचा कायदा २०१५ मध्येच झाला होता.