सही तिची एकटीची

लग्नाबाहेर दिवस गेलेल्या बाईला आपल्याकडे आसरा मिळाला तो 1863 मध्ये, पुण्यात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पुढे तिथे बाळंत झालेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. 1921 मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली.

कायदा यायला आणखी पन्नास वर्षं लागली. 1971 चा गर्भपात कायदा 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती त्यात पुरेशी होती. नवऱ्याची सही कायद्याने कधीच मागितली नाही. पण गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहितेला सांगता येई. 2021 च्या दुरुस्तीने ती अट काढली, नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभाही अविवाहितांना दिली.

एवढं होऊनही मुलुंडची कॉलेजकन्या टेस्ट किट घ्यायला घाटकोपरला उतरते, कारण नाक्यावरचा केमिस्ट बाबांना ओळखतो. वन रूम किचनमध्ये बाथरूमची कडी जरा जास्त वेळ लागली की आईची हाक येते. दोन रेघा दिसल्यावरही ती वर्गात बसते, सबमिशन पूर्ण करते, आतून मात्र हबकलेली असते. मुलगा कधी सोबत येतो, कधी फोनच उचलत नाही. दवाखान्यात गेलीच तर पहिला प्रश्न, “मिस्टर कुठायत?” या धास्तीत आठवडे सरतात. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. मग ओळखीतून आणलेल्या गोळ्या ती सोनोग्राफीशिवाय घेते. गर्भ नळीत असेल तर जिवावर बेततं. मूल ठेवावंसं वाटलं, तर शिक्षण सुटण्याची भीती वेगळीच.

दीडशे वर्षांत कायदा बदलला, पण घरातला आणि दवाखान्यातला प्रश्न अजून चारित्र्याचाच आहे. म्हणून कॉलेजांच्या महिला विकास कक्षांनी पहिल्याच आठवड्यात मुलामुलींना एकत्र बसवून हे सगळं स्पष्ट सांगावं: सही कोणाची लागते, नाव कसं गुप्त राहतं, कोणत्या पालिका रुग्णालयात जायचं, सोबत कोण येईल. हे आधी ऐकलेली मुलगी वेळेत डॉक्टरकडे पोचेल आणि निर्णय स्वतः घेईल.