‘मला घरी जायचंय!’

सासरी आल्यावर पहिले काही दिवस माहेरच्या आठवणीनं जीव कसा कासावीस होतो, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. पण हीच ओढ एखाद्या पोरीला गुन्ह्यापर्यंत नेऊ शकते का? जर्मनीतल्या कार्ल यास्पर्स या तरुण डॉक्टरनं नेमका हाच विषय प्रबंधासाठी घेतला. १९०९ साली तो छापला गेला. नाव होतं, ‘घरची ओढ आणि गुन्हा’.

त्या काळी तिकडे गरिबाघरच्या पोरींना कोवळ्या वयातच परक्या घरी कामाला पाठवत. मुलं सांभाळायची, पडेल ते काम करायचं. अशा काही पोरींनी मालकाचं घर पेटवलं, तर काहींनी सांभाळायला दिलेल्या लेकराचा जीव घेतला. का? तर घर उरलं नाही, बाळ उरलं नाही, की काम संपेल आणि आपल्याला घरी जाता येईल! अशी पोर एक तर दुष्ट असणार, नाहीतर वेडी, असंच कुणालाही वाटेल. यास्पर्सनं मात्र जुन्या खटल्यांची माहिती गोळा केली. मुलीचं वय काय, घर कसं होतं, ती स्वतः काय सांगते, हे बारकाईनं पाहिलं. गुन्ह्याला माफी द्या असं त्याचं म्हणणं नव्हतं. त्या मनात काय चाललं होतं, ते त्याला जाणून घ्यायचं होतं.

यास्पर्सचा जन्म १८८३चा. लहानपणापासून छातीचं दुखणं, त्यामुळे इतर डॉक्टरांसारखी धावपळ झेपायची नाही. हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात तो बिनपगारी काम करी. १९१३ साली त्यानं मनोविकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली एक गोष्ट आजही मोलाची आहे. मेंदूला इजा झाली म्हणून माणूस बदलला, हे झालं ‘कारण शोधणं’. अपमान झाला म्हणून राग आला, हे आपण आतून ओळखतो. ते झालं ‘समजून घेणं’. दोन्ही हवं, पण एकाचं काम दुसऱ्यानं होत नाही. पुढे हाच डॉक्टर तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला आणि विसाव्या शतकातला नामवंत तत्त्वज्ञ म्हणून ओळखला गेला.

त्याची पत्नी गर्ट्रूड ज्यू होती. हिटलरच्या राजवटीत, १९३७ साली, त्यापायी त्याची नोकरी गेली. तरी त्यानं बायकोची साथ सोडली नाही. धरपकड झालीच तर दोघांनी मिळून मरायचं, म्हणून घरात विष जपून ठेवलेलं! एप्रिल १९४५ मध्ये त्यांना नेण्याचं ठरलं होतं. त्याच्या थोडं आधी अमेरिकन सैन्य हायडेलबर्गमध्ये शिरलं आणि दोघं वाचली.

मैत्रिणींनो, घरात नवी सून गप्प गप्प असते, वसतिगृहातली लेक फोनवर नीट बोलत नाही. आपण पटकन म्हणतो, “नाटकं आहेत,” नाहीतर “होईल सवय.” डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर जरूर न्यावं. पण त्याआधी शेजारी बसून “तुला नेमकं कसं वाटतंय गं?” एवढं विचारावं आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नये. त्या परक्या घरातल्या पोरींना हे कुणी वेळेवर विचारलं असतं तर?